रात्रीचं आकाश आणि आपण बायका
(कोल्हापुरातील एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण पोटगी, रेशन आणि दारूबंदी यांवर बोलतो आहोत. त्यात पक्ष्यांचा विषय कशाला, असं काहीजणींना वाटेल. मी पक्ष्यांबद्दलच बोलणार आहे, पण त्यातूनच आपल्या एका जुन्या प्रश्नाकडे येणार आहे. रात्र कुणाची?

पाऊस ओसरू लागला की हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया इकडून पक्षी दक्षिणेकडे येऊ लागतात. रंकाळ्याच्या, कळंब्याच्या काठच्या चिखलात एका सकाळी तुतारी पक्षी दिसतो, उसाच्या फडात वटवट्या बोलू लागतो. यातले पुष्कळ पक्षी रात्री प्रवास करतात. रात्री हवा गार आणि शांत असते, ससाण्यांची भीती कमी असते, ताऱ्यांवरून दिशा कळते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. अंधारात ते दिसत नाहीत, पण उडताना मधूनमधून हाक देतात. ते गाणं नसतं. लहान पक्ष्यांची हाक तर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढीच असते. सोबतीचे कुठे आहेत हे एकमेकांना कळावं म्हणून ती असावी, असं अभ्यासक मानतात.

या हाका मोजण्याचं काम जुनं आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन गावाजवळच्या टेकडीवर ओरिन लिबी यांनी एका रात्रीत सुमारे ३,८०० हाका मोजल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय राज्यात ग्रेबर आणि कॉक्रन यांनी त्यासाठी टेपरेकॉर्डर वापरला. पुढे बिल इव्हान्स यांनी प्लास्टिकच्या कुंडीत बसवायच्या माइकचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. या पुरुषांची नावं मी आदरानं घेते. पण रात्रभर एकट्यानं टेकडीवर बसायची मुभा कुणाला असते, हेही आपण विचारायला हवं.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानं बाईला रात्रपाळी बंद केली. संरक्षणासाठी, असं सांगितलं गेलं. २००० साली मद्रास उच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं आणि २०१५ मध्ये महाराष्ट्रानंही अटी घालून बंदी सैल केली. पण बाई रात्री बाहेर नव्हती कधी? गळीत हंगामात आपल्याच जिल्ह्यात ऊसतोडीच्या बाया अंधारातच फडात उतरतात, रात्री-बेरात्री मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवतात. नर्सबाई रात्रपाळी करते. आशाताई बाळंतिणीबरोबर अपरात्री दवाखान्यात जाते. तेव्हा कुणी अडवत नाही. म्हणजे बाईनं रात्री बाहेर नको असं कुणाचंच म्हणणं नाही. तिनं स्वतःसाठी, स्वतःच्या आवडीच्या कामासाठी बाहेर नको, एवढंच म्हणणं आहे.

म्हणून आम्ही पाचजणींनी गच्चीपासून सुरुवात केली. कुंडीत माइक बसवला, तोंड आकाशाकडे, वर पातळ प्लास्टिक ताणलेलं. कुंडीच्या भिंतीमुळे बाजूचा गोंगाट थोडा अडतो. रात्री दहाला रेकॉर्डर चालू करायचा, पहाटे पाचला बंद. गणपती आणि नवरात्रातल्या बऱ्याच रात्री स्पीकरमुळे वाया जातात. नंतर रातकिडे असतात आणि मग गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर.

दुसऱ्या दिवशी डबे, धुणं आटोपलं की कॉम्प्युटरवर त्या आवाजाचं चित्र काढायचं. आडवी वेळ, उभी आवाजाची पट्टी. पक्ष्याची हाक त्यात बारीक रेघेसारखी उमटते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “एवढं रातचं काय ऐकतीस गं?” मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांना काही ऐकू आलं नाही, कारण वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी जातात. पण चित्रातली रेघ त्यांना माझ्याआधी सापडली. आता त्या रोज अर्धा तास बसतात.

नाव सुचवणारी अ‍ॅप आहेत, पण ती मुख्यतः पक्ष्यांच्या दिवसाच्या आवाजांवर शिकलेली असतात. रात्रीच्या तुटक हाकेला ती फसतात. खात्री नसेल तर आम्ही ‘अनोळखी’ लिहितो. तारीख, वेळ, वारा, ढग मात्र चुकवत नाही. टिटवी इथलीच, म्हणून तिची नोंद वेगळी. तिला लोक अपशकुनी म्हणतात. अंड्यापिल्लांजवळ कुत्रं आलं म्हणून ओरडणाऱ्या आईला अपशकुनी ठरवायचं, हा न्याय आपल्या चांगलाच ओळखीचा आहे!

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. आकाशाकडे तोंड केलेला माइक गल्लीही ऐकतो. म्हणून शेजारच्या घरांना आधी सांगायचं आणि माणसांचं बोलणं पुसल्याशिवाय फाइल कुणाला द्यायची नाही, असा आमचा नियम आहे. पण एका सकाळी ऐकताना बाई ओरडल्याचा आवाज आला. पक्ष्यांच्या कामात तो नको असलेला आवाज. तो पुसून पुढे जायचं का? आम्ही दोघी त्या घरी गेलो, चहा घेतला, तिच्याशी एकटीशी बोललो, आमचा नंबर दिला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही खबर देऊ शकतं. तरी आधी तिला विचारायचं, असं आम्ही ठरवलं. ते रेकॉर्डिंग तिचं आहे. त्याचं काय करायचं, ते तीच ठरवेल.

शेवटचा मुद्दा दिव्यांचा. रात्रीचे पक्षी प्रखर प्रकाशानं भांबावतात. अमेरिकेत नॅशव्हिलच्या अमेलिया लास्की या गृहिणीनं टीव्हीच्या मनोऱ्यांपाशी मरून पडलेले पक्षी गोळा करून वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. आपण तर रस्त्यावर दिवे मागतो. मग बायका एकीकडे आणि पक्षी दुसरीकडे, असं आहे का? मुळीच नाही. आपल्याला उजेड पायांखाली हवा आहे. वरून झाकलेला, खाली प्रकाश टाकणारा दिवा बसथांब्यावर, बोळात, शौचालयाच्या वाटेवर हवा. आकाशात फिरणारे झोत आणि इमारतींवरची रात्रभरची रोषणाई यांनी कुठल्याच बाईला सुरक्षित वाटत नाही. निवेदन देताना हा फरक लिहायला विसरू नका.

पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, प्रत्येक ठिकाणी एका बाईची गच्ची किंवा अंगण मिळालं, तर पक्षी कोणत्या रात्री कुठून गेले, हे आपण जुळवून पाहू शकू. नोंदीखाली तिचं स्वतःचं नाव असेल. पण गच्चीवर समाधान मानायचं नाही. मला एका रात्री रंकाळ्याच्या काठावर बसून, कानानं हाका मोजायच्या आहेत, कुणाची परवानगी न मागता, सोबतीला कुणी पुरुष न घेता. माझ्याबरोबर कोण येणार, आणि पुढच्या भाद्रपदात पहिली कुंडी कोण ठेवणार, ते आज जाण्याआधी सांगा.