जुनं पितळ आणि जुनं केलेलं पितळ
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. आता घरोघरी स्टील आलं. गुंड, गंज, कोपर माळ्यावर गेले. आणि दिवाणखान्यासाठी आपण बाजारातून 'अँटिक' समई आणतो! ती जुनी कशी होते, ते सांगतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. नवी वस्तू स्वच्छ करून बंद पिंपात अमोनियाच्या वाफेत ठेवतात, किंवा मीठ आणि व्हिनेगर लावतात. तिच्यावर काळपट, कुठे हिरवट थर चढतो. मग उंचवटे घासून उजळायचे, खाचांतला काळेपणा तसाच ठेवायचा, वरून मेणाचा हात. झाली जुनी! अमेरिकेत शिकारीसाठी पाण्यावर सोडायच्या लाकडी बदकांचंही असंच. जुन्या बदकांना संग्राहक मोठी किंमत देतात, म्हणून नव्यांचा रंग घासून त्यांना म्हातारं करतात.

ही कारागिरीच आहे, तिला माझी ना नाही. बिलावर 'नवीन' लिहिलं की व्यवहार स्वच्छ. पण 'शंभर वर्षांची आहे' सांगून दाम घेतले, तर ती फसवणूक. कागद पिवळा आहे एवढ्यावर दस्त खरा मानायचा नाही, हे मी बँकेच्या नोकरीत शिकलो.

मग ओळखायचं कसं? वस्तू उलटी करा. खरी झीज हात लागतो तिथे आणि टेकते तिथे असते. कडी, काठ, बूड. सगळीकडे सारखाच काळेपणा दिसला, की शंका घ्या. वापरातल्या भांड्याच्या आत कल्हईच्या खुणा सापडतात. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. लेकाकडे 'अँटिक' मूर्ती पाठवताना 'नवीन' लिहिलेलं बिल जवळ हवंच.

शेवटी एक विनंती. माळ्यावरचं पितळ किलोच्या भावानं मोडीत घालण्याआधी खाली उतरवा. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव वाचा. आजीचं असेल, पणजीचं असेल. लग्नात आलेलं असेल. नातवंडांना ते नाव वाचून दाखवा. काळा रंग पिंपात चढवता येतो, पण ते नाव कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आपल्या सोसायटीला २५ वर्षांच्या मनःपूर्वक शुभेच्छा.