पाठ टेकून प्रवास

सायकलवर बोलायला एका कवीला का बोलावलं, असा प्रश्न काही श्रोत्यांना पडला असेल. गंगापूर रोडवर राहणाऱ्यांना मात्र तो पडणार नाही. सकाळी सहाच्या सुमारास आनंदवल्लीच्या बाजूला पन्नाशी ओलांडलेला एक माणूस खुर्चीत बसल्यासारखा, पाय पुढे करून, रस्त्यापासून दीड-दोन फुटांवरून जाताना त्यांनी पाहिलेला असतो. शाळेची मुलं विचारतात, ‘आजोबा, आरामखुर्ची कुठं निघाली?’ तो माणूस मीच.

या सायकलीला रिकम्बंट म्हणतात. चालवणारा पाठ टेकून बसतो आणि पायडल अनेकदा पुढच्या चाकाच्याही पुढे असतं. माझी तर घडीची आहे. बैठक काढून चौकटीतला खटका सोडला की मागचं चाक पुढच्याला येऊन मिळतं. आमच्या दुरुस्तीवाल्या पोराने तिचं नाव ‘खुर्चीसायकल’ ठेवलं आहे, तेच आता घरात रूढ झालं.

मी हौसेने तिच्याकडे वळलो नाही. कंबरेच्या मणक्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी बजावलं की यापुढे वाकून सायकल चालवायची नाही. ऐकायला ही साधी गोष्ट वाटते. पण मी वाढलो तेव्हा सातपूरच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच असायच्या. माझ्या कवितेचा बराचसा माल मला सायकलवरच मिळाला आहे. ती गेली म्हणजे नुसतं वाहन गेलं नाही. जर्मनीत नोकरी करणाऱ्या भाच्याने ते ओळखलं. तिकडे कोणीतरी वापरलेली ही सायकल त्याने विकत घेतली आणि पेटीत घालून आणली. म्हणाला, ‘मामू, पाठ टेका आणि पाय चालवा.’

असं सोयीचं वाहन आजवर आपल्याला दिसलं कसं नाही, याचा शोध घेतला तेव्हा एक गंमत कळली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या फ्रेंच सायकलपटूने अशाच पाठ टेकायच्या सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटर ५५ मीटर अंतर तोडलं. सायकल बनवली होती शार्ल मोशे यांनी. १९१४ पासून टिकून राहिलेला विक्रम मोडला. मग १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची मापं अशी ठरवली की ही सायकल बाहेर पडली. नियम शर्यतीपुरता होता. पण शर्यतीत जे दिसतं तेच बाजारात येतं. ज्याला वाकता येत नाही अशा साध्या माणसाच्या वाट्याचं वाहनही त्याबरोबर मागे पडलं.

सायकल आली, पण ती गुळगुळीत रस्त्यांसाठी घडवलेली. आपल्याकडे मुक्कामी प्रवासाला न्यायची तर तिला आपल्या रस्त्याचं करून घेणं भाग होतं.

पहिला प्रश्न टायरचा. तिची चाकं वीस इंची. लहान चाक खड्ड्यात लवकर बसतं, म्हणून रुंद टायर हवा. इथे एक सोय निघाली. आपल्याकडच्या मुलांच्या सायकलींना येणारा २० × १.७५ किंवा २० × २.१२५ मापाचा टायर तिला चपखल बसतो आणि तालुक्याच्या गावी मिळतो. मात्र टायरवरचा आकडा वाचून घ्यावा. २० × १ ३/८ हाही वीस इंचीच म्हणवतो, पण त्याची रिम वेगळी असते.

दुसरा प्रश्न चढाचा. साध्या सायकलवर आपण चढाला उभे राहून जोर लावतो. इथे उभं राहणं नाही. तेव्हा सगळी मदार दात्यांवर. पुढचं ३९ दात्यांचं चेनव्हील काढून ३० दात्यांचं बसवलं, मागचं सर्वांत मोठं चक्र ३४ दात्यांचं. हिशेब असा की चाकाचा परीघ साधारण दीड मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेरीला सायकल सव्वा मीटरच्या थोडी पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पावणेपाच किलोमीटर. हा पायी चालण्याचाच वेग झाला. याहून हळू गेलं तर तोल सांभाळणं कठीण. वृत्तात मात्रा मोजणाऱ्या माणसाला हे गणित आवडलं.

तिसरा प्रश्न सामानाचा. पाठीवर पिशवी अडकवता येत नाही, कारण पाठ टेकलेली. वजन बैठकीखाली, दोन्ही बाजूंना सारखं हवं. सातपूरला एका फॅब्रिकेशनवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, ‘शायरसाहेब, चौकट ॲल्युमिनियमची आहे. हिला वेल्डिंगचा हात लावला तर उष्णतेने कमजोर होईल. आणि घडीच्या सांध्याला तर कोणालाच हात लावू देऊ नका.’ मग त्यांनी लोखंडी पाइपचं वेगळं कॅरिअर केलं, चौकटीला नट-बोल्टने आवळायचं. मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे धातूला धातू घासत नाही. चार बोल्ट काढले की कॅरिअर सुटतं आणि घडी पूर्वीसारखी होते.

उरली नजर. ट्रकचा ड्रायव्हर उंचावर, मी खाली. म्हणून मागे लवचीक काठीवर भगभगीत केशरी निशाण, दोन्ही हातांशी आरसे आणि दिवसाही लुकलुकणारा लाल दिवा. सांध्याचा खटका रोज सकाळी तपासायचा, हा नेम.

एवढं झाल्यावर गिरणारे, मग त्र्यंबक, अशा फेऱ्या केल्या. शेवटी दोन दिवसांचा जव्हारचा बेत केला. आंबोली मागे टाकली, तोरंगणचा घाट जपून उतरलो, मोखाड्याला मुक्काम केला. पुढच्या चढांवर एक म्हातारी मोळी घेऊन माझ्या बरोबरीने चालत होती आणि दोन वळणांनंतर पुढेही गेली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कंबर दुखत नव्हती आणि मान वर असल्याने डोंगर दिसत होते. परतीला सायकल घडी करून जुन्या चादरीत बांधली आणि एसटीत चढवली. कंडक्टरने विचारलं, ‘यात काय?’ म्हटलं, ‘माझी बसायची खुर्ची.’ त्यांनी चादर उचलून पाहिली, हसले आणि लगेजचं तिकीट फाडलं.

ही सायकल पाठीवरचं औषध नव्हे, हे स्पष्ट सांगतो. कोणी घेणार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. गर्दीच्या रस्त्यावर ती आणूच नये. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अफाट शर्यत जोडीने पुरी केली, त्याचा मला अभिमान आहे. पण शर्यतीला न जाणारे माझ्यासारखे असंख्य आहेत. गुडघा, कंबर, मान यांपैकी काहीतरी कुरकुरतं आणि ‘आता आपलं वय झालं’ म्हणून सायकल माळ्यावर जाते. त्यांना एवढंच सांगायचं आहे की ती माळ्यावर टाकण्याआधी एकदा दुरुस्तीवाल्याकडे न्या. हँडल चार बोटं वर घेता येतं, बैठक बदलता येते, दाते कमी करता येतात. शरीर वाहनाच्या मापाचं होत नसेल, तर वाहन शरीराच्या मापाचं करता येतं. त्यासाठी जर्मनीची सायकल लागतेच असं नाही. पाना धरणारा एक जाणता हात आणि त्याच्या शेजारी बसून राहण्याची तयारी, एवढं पुरतं.