क्लेअरमाँट : एका वाड्याचे धनी

लंडनच्या नैऋत्येस, सरे परगण्यांतील एशर गांवाजवळ, क्लेअरमाँट नांवाचा एक प्रासाद उभा आहे. कुलीनांचा वाडा म्हटला कीं पिढ्यान्‌पिढ्यांचें वास्तव्य डोळ्यांपुढें येतें. क्लेअरमाँटचा इतिहास मात्र धनी बदलण्याचाच इतिहास आहे.

प्रथम नाटककार व शिल्पज्ञ जॉन व्हॅनब्रू यानें येथें स्वतःसाठीं लहानसें घर बांधलें. १७१४ सालीं तें अर्ल ऑफ क्लेअर यानें घेतलें. त्याच्या पदवीवरूनच जागेस हें नांव पडलें. हाच पुढें ड्यूक ऑफ न्यूकॅसल म्हणून ब्रिटनचा मुख्य प्रधान झाला. १७६८ त तो वारल्यावर त्याच्या विधवेनें ही मालमत्ता विकली. घेणारा होता रॉबर्ट क्लाइव्ह.

प्लासीच्या लढाईनंतर मीर जाफरकडून क्लाइव्हला २,३४,००० पौंड मिळाले होते. शिवाय सालीना सुमारें २७,००० पौंड उत्पन्नाची जहागीर. या द्रव्याच्या बळावर त्यानें जुनें घर पाडून 'केपॅबिलिटी' ब्राउनकडून नवा वाडा बांधविला. त्याच सुमारास, १७७० त, बंगालमध्यें भीषण दुष्काळ पडला. एकतृतीयांश प्रजा नष्ट झाल्याचा अंदाज खुद्द वॉरन हेस्टिंग्जनें केला. क्लाइव्ह १७६७ तच मायदेशीं परतला होता; तथापि त्याच्या ऐश्वर्याविषयीं लोकांचें मन कलुषित झालें. सैतान आंत शिरूं नये म्हणून वाड्याच्या भिंती इतक्या जाड केल्या आहेत, असें आसपासचे शेतकरी म्हणत, ही आख्यायिका मेकॉलेनें नमूद केली आहे. १७७३ त पार्लमेंटांत क्लाइव्हच्या संपत्तीची चर्चा झाली. पुढच्याच वर्षीं त्याचा अंत झाला. वाड्याचें काम तेव्हां कोठें पुरें होत आलें होतें.

१८१६ त पार्लमेंटनें हा वाडा राजकन्या शार्लट व तिचा पति लिओपोल्ड यांच्यासाठीं घेतला. दुसऱ्याच वर्षीं प्रसूतीनंतर ती येथेंच वारली. १८४८ त पदच्युत झालेला फ्रान्सचा राजा लुई फिलिप आश्रयास आला. तोहि १८५० त येथेंच मरण पावला. १८८२ त व्हिक्टोरिया राणीनें वाडा आपल्या पुत्रासाठीं विकत घेतला. त्या पुत्राचा मुलगा जर्मनींत ड्यूक झाला व पहिल्या महायुद्धांत जर्मनीच्या बाजूनें उभा राहिला. म्हणून १९२२ त, वारसाहक्कानें वाडा त्याच्याकडे जावयाच्या वेळीं, ब्रिटिश सरकारनें तो जप्त केला.

१९३० पासून तेथें शाळा भरते. बागेचा भाग १९४९ त नॅशनल ट्रस्टकडे गेला. प्रधान, सेनानी, राजकन्या, पदच्युत राजा अशी या जागेशीं संबंध आलेल्यांची यादी सांगतां येते. ज्या रयतेच्या साऱ्यांतून क्लाइव्हचें द्रव्य जमलें, तिचें नांव मात्र या यादींत कोठेंहि नाहीं.