आपल्या मुलांचे उच्च शिक्षण आणि आपली जबाबदारी
(गुणवंत विद्यार्थी सत्कार कार्यक्रमात मार्गदर्शन समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीत चांगले गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा आज येथे सत्कार झाला. पुष्पगुच्छ दिले, स्मृतिचिन्हे दिली, फोटो निघाले. आम्हा सर्वांनाच आनंद झाला. परंतु आम्ही मार्गदर्शन समितीची मंडळी दर रविवारी आपल्या अभ्यासिकेत बसतो आणि तेथे जे पाहतो ते या आनंदात थोडे कडू मिसळणारे आहे. ते आज बोललो नाही तर केव्हा बोलणार?

सत्काराचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांचाही सत्कार झाला होता. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही आठवण आपण दर वर्षी सांगतो. पण पुढचा भाग आपण घाईने आटोपतो. इंटर झाल्यावर सुभेदार रामजींच्या हातातला पैसा संपला आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा हेच केळूसकर गुरुजी पुन्हा पुढे आले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत पोहोचले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. एल्फिन्स्टनमधल्या म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी पुस्तके आणि कपडे पुरविले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. १९२० साली लंडनला परत जाताना स्वतःची शिल्लक होतीच, शिवाय शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचे कर्ज होते. बाबासाहेबांची बुद्धी अलौकिक, त्यात शंकाच नाही. पण प्रत्येक नाक्यावर कोणीतरी माणूस उभा होता, ज्याला पुढचा रस्ता ठाऊक होता. आमच्या मते सत्काराची सभा आणि इंटरनंतरची ती भेट यांतली दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

बंधू-भगिनींनो, आपल्या नागपूरला हे नवीन नाही. किसन फागोजी बनसोडे यांनी १९०७ मध्येच पाचपावलीत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. कस्तुरचंद पार्कचा विस्तारही पाहिला नसेल अशा खेड्यांतून आलेल्या लोकांची ही वस्ती, आणि तिथे मुलींची शाळा! १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली येथे बहिष्कृत परिषद भरली. १९४२ च्या जुलैमध्ये अखिल भारतीय परिषदेबरोबर महिलांचीही परिषद झाली आणि सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या. त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांनी सरकारपुढे निवेदन ठेवून उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद मिळविली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले जी 'स्कॉलरशिप' म्हणून ओळखतात तिचे मूळ तेथे आहे. १९६४ साली दीक्षाभूमीवर महाविद्यालय उभे राहिले.

त्या पिढीपुढचा रस्ता खडतर होता, पण सरळ होता. बाप एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर उभा, मुलगा मॅट्रिक झाला की रेल्वे, टपाल खाते, एजी ऑफिस, बँक, आयुध निर्माणी. ज्याला लागली त्याने धाकट्या भावाला फॉर्म आणून दिला. आम्ही समितीतले बहुतेक जण त्याच फॉर्मवर चढून आलेले. आता तो रस्ता अरुंद झाला आहे, पुष्कळ ठिकाणी कंत्राटदाराच्या हातात गेला आहे. उलट ज्या नव्या वाटा फुटल्या त्या आपल्याला माहीत नाहीत. २०१५ साली नागपुरात आयआयएम आले, २०१६ साली विधी विद्यापीठ आणि ट्रिपल आयटी, २०१८ साली एम्स. व्हीएनआयटी तर १९६० पासून आहे. इंदोऱ्यातून, लष्करीबागेतून मिहानकडे रोज माणसे जातात. त्यातली किती वर्गात बसायला जातात आणि किती सुरक्षारक्षक व सफाईच्या कामाला, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत मोजून पाहावे.

रविवारी बारावीच्या मुलाला घेऊन आई येते. "पोरगं हुशार आहे जी, पण पुढे काय घ्यावं तेच समजून नाही राहिलं." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता पहिला प्रश्न एकच विचारतो, कोणकोणते फॉर्म भरले? बहुधा उत्तर येते, "निकाल लागू द्या, मग बघू." येथेच घात होतो. विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा आता डिसेंबरातच होऊन जाते. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी २०२२ पासून सुरू झाली. ती मराठीतही देता येते, पण तिचे फॉर्म निकालासाठी थांबत नाहीत. दिल्ली, हैदराबाद, बनारस येथे कमी खर्चात शिकता येते हे ज्या घरात कोणी सांगितले नाही, त्या घरात ती तारीख येते आणि जाते. ज्या घरात काका प्राध्यापक आहे त्या घरात ती भिंतीवर लिहिलेली असते. दोन्ही मुलांचे गुण सारखे असतील. आमच्या लेखी विषमता म्हणतात ती ही.

आता पैशाचे पाहा. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना आयआयटीत शिकवणी शुल्क माफ आहे. पण जागा पक्की करायला १७,५०० रुपये ठराविक दिवशी संध्याकाळी पाचच्या आत भरायचे होते. गावातल्या लोकांकडून गोळा करता करता वेळ गेली आणि जागा गेली. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. वर्तमानपत्रांनी ही बातमी आनंदाची म्हणून छापली. आम्हाला ती वाचून भीती वाटली. जे दिल्लीपर्यंत गेले नाहीत त्यांची मोजदाद कोण ठेवतो? शिष्यवृत्ती मिळते, पण मागाहून मिळते. जूनमध्ये लागतात ते रोख पैसे, आणि तेही तासांच्या हिशेबाने.

तिसरी गोष्ट कागदांची. येथे आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण सर्वांत जास्त मुले येथेच अडकतात. जातीचा दाखला असला म्हणजे झाले, असा पुष्कळांचा समज आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातवैधता प्रमाणपत्र लागते आणि पडताळणी समितीपुढे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा मांडावा लागतो. म्हणजे आजोबांचा, पणजोबांचा. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखलखारीज रजिस्टरचा उतारा. पणजोबा शाळेतच गेले नाहीत, तर जन्ममृत्यूच्या नोंदीची कोतवाल पंजी. आता ती भंडाऱ्याच्या नाहीतर उमरेडच्या तहसिलीत कुठल्या बस्त्यात आहे हे शोधायला महिने लागतात. मुलगी मे महिन्यात आमच्याकडे येते आणि जुलैत प्रवेशाची फेरी असते! ज्यांच्या चुलत्याचे, आत्याचे, सख्ख्या चुलतभावाचे वैधता प्रमाणपत्र आधीच झालेले आहे त्यांचे काम पुष्कळ सोपे होते. पण भाऊबंदकीत बोलणे नाही म्हणून चुलता झेरॉक्स देत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. शेताच्या बांधावरचे भांडण पोरीच्या इंजिनिअरिंगवर कशाला काढता, असे त्या चुलत्याला सांगायला आमचे दोन ज्येष्ठ सभासद कळमेश्वरला जाऊन आले. चहा झाला, झेरॉक्स मिळाली.

याच संदर्भात एक नाजूक गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्यापैकी अनेकांनी शाळेत मुलांचे नाव घालताना जातीच्या रकान्यात फक्त 'बौद्ध' लिहिले. त्यामागे स्वाभिमान होता आणि तो खराच होता. महाराष्ट्राने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. मधली ३४ वर्षे केंद्राच्या नोकरीत आणि संस्थांत आपली माणसे खुल्या वर्गात उभी राहिली, किंवा उभीच राहिली नाहीत. आता कायदा झाला आहे, पण केंद्रीय संस्थेत राज्याचा नवबौद्धाचा दाखला पुरत नाही, केंद्राच्या नमुन्यातील वेगळा दाखला काढावा लागतो. त्यात पूर्वाश्रमीची जात लिहावी लागते. एका आजोबांनी आम्हाला विचारले, "जे टाकून आलो ते पुन्हा कागदावर कशाला?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही एवढेच म्हणालो की कागद सरकारच्या रकान्यासाठी आहे, नातवाच्या ओळखीसाठी नाही. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी ट्रंकेतून १९४६ सालचा आपल्या वडिलांचा प्राथमिक शाळेचा दाखला काढून दिला. इतका जुना कागद आम्ही त्या वर्षी दुसरा पाहिला नाही.

योजना नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. बाहेरगावाहून नागपुरात शिकायला आलेल्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा नागपूरसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तिचा लाभ दर वर्षी ७५ विद्यार्थ्यांना मिळू शकतो. पण अर्ज संगणकावर भरायचा, आधार बँकेला जोडलेले हवे, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, हजेरी हवी. एक रकाना चुकला तर अर्ज महिनोन्महिने कुठल्या तरी टेबलावर 'प्रलंबित' दिसत राहतो. हे सांभाळायला मुलापाशी कोणीतरी मोठे माणूस लागते.

आता थोडे आपल्याच घरातले बोलतो. राग मानू नये. आपल्या वस्त्यांत अभ्यासिका वाढल्या ही अभिमानाची गोष्ट आहे. पण आत डोकावून पाहा. पंचविशी ओलांडलेली, तिशीला आलेली मुले सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत तीच गाइडे घेऊन बसली आहेत. काही शे जागांसाठी लाखो अर्ज येतात हे त्यांनाही ठाऊक आहे. कलेक्टर होण्याचे स्वप्न वाईट नाही. मात्र आपण मुलांना ते एकच स्वप्न दिले. संशोधन, कायदा, आर्किटेक्चर, सांख्यिकी, पत्रकारिता, सार्वजनिक आरोग्य यांची नावेही आपल्या सभांत निघत नाहीत. बाबासाहेबांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली होती, पण आपल्या किती मुलांना आपण अर्थशास्त्र घे म्हणतो? सातवा प्रयत्न करणाऱ्या मुलाला थांब म्हणायची हिंमतही आपण दाखवत नाही. ती कोणीतरी दाखवायला हवी.

जवळपासच वेगळे काम चालू आहे. वर्ध्याला अनूप कुमार यांनी २०१३ साली नालंदा अकादमी सुरू केली. खेड्यातील दलित, आदिवासी, ओबीसी मुलांना देशातील चांगल्या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांसाठी तेथे तयार करतात. राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था २०१७ पासून यवतमाळकडून सुरू होऊन पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी हेच करते आहे. केंद्रे स्वतः बुलढाण्याच्या खेड्यातून लंडनपर्यंत शिकून आले. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. जो मुलगा आधी गेला तो मागच्याचा फॉर्म तपासतो आणि तेथे गेल्यावर स्टेशनवर घ्यायलाही येतो. प्रवेशानंतरचे पहिले सहा महिने इंग्रजीमुळे, एकटेपणामुळे आणि कधी कधी आडनाव विचारणाऱ्यांमुळे कठीण जातात. त्या काळात आपल्या बोलीत बोलणारे एक माणूस पुरते.

मुलींच्या पालकांना वेगळे सांगतो. मुलाला पुण्याला पाठवता आणि मुलीला 'इथेच बीए कर' म्हणता. १९४२ च्या परिषदेत आपल्या आज्या पायी चालत आल्या होत्या. त्यांच्या नातीला रेल्वेचे तिकीट काढून द्यायला आपण का कचरावे?

तेव्हा समितीने कार्यकारिणीपुढे ठेवलेला प्रस्ताव येथेही वाचून दाखवतो. पुढील वर्षापासून सत्कारातील स्मृतिचिन्हे व शाली बंद करून तो पैसा प्रवेशनिधीत जमा करावा. निधीतून जागा पक्की करण्यापुरती रक्कम बिनव्याजी, त्याच दिवशी द्यावी. शिष्यवृत्ती आली की विद्यार्थ्याने ती परत करावी. निवृत्त सभासदांपैकी जे कारकुनी कामात मुरलेले आहेत त्यांनी प्रत्येकी तीन विद्यार्थी वाटून घ्यावेत, अकरावीपासून पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत. स्मृतिचिन्हे बंद करण्याला काही सभासदांचा विरोध आहे. मुलाच्या घरात भिंतीवर पहिल्यांदाच काही लागते, त्याचेही मोल आहे, असे त्यांचे म्हणणे. ते आम्हाला पटते. म्हणून प्रशस्तिपत्र राहू द्यावे, फ्रेमचा खर्च तेवढा वाचवावा.

अकरावीत गेलेल्या सर्व विद्यार्थ्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता अभ्यासिकेत यावे. वडिलांचा व आजोबांचा शाळेचा दाखला, घरात कोणाचे वैधता प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत, आणि ज्या गावाहून आपले घराणे आले त्या गावाचे व तहसिलीचे नाव लिहून आणावे. आजोबा हयात असतील तर त्यांनाच सोबत आणावे, बसायला खुर्च्या ठेवल्या आहेत.

जयभीम.