मुलांच्या हातात नाणी द्या
(संस्थेच्या अभ्यासिकेतील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे. शिक्षण कला शाखेचे. पैसे मोजायला मी पुस्तकात नाही, आईच्या मजुरीवर शिकलो.

आई शेतमजुरी करायची. आठवडी बाजाराच्या दिवशी मुकादम हातावर पैसे ठेवी आणि ती न मोजता पदराला गाठ मारी. मी तिसरीत असताना एकदा ते पैसे तिथेच मोजले. दोन रुपये कमी होते. मुकादमाने हसत हसत भरून दिले. वाटेत आई काही बोलली नाही. रात्री तिने सगळे पैसे चुलीपुढे मांडले आणि म्हणाली, "मला बी शिकव." त्याआधीच्या बाजारांना किती रुपये गेले, त्याचा हिशेब कोणाकडेच नाही.

आज दुकानात मोबाईलवरून पैसे दिले जातात. मुलाला पैसा दिसतच नाही. म्हणून घरात थोडी नाणी मुद्दाम ठेवा. मात्र अगदी लहान मुले नाणी तोंडात घालतात, त्यांच्यापासून ती दूर असू द्या.

पहिली पायरी ओळखीची. आकारावर विसंबू नका, अंक वाचायला लावा. २०११ च्या मालिकेतले २ रुपयांचे नाणे ५ च्या नाण्याहून मोठे आहे. २०१९ च्या मालिकेत ५ चे मोठे आहे. १० आणि २० ची नाणी दुरंगी, पण २० च्या नाण्याला बारा कडा आहेत. त्या मुलाला बोटाने मोजू द्या. १० च्या नाण्याच्या नक्षी अनेक आहेत. त्या सर्व चालतात, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरी पायरी अदलाबदलीची. एका नाण्यापेक्षा पाच नाणी जास्त, असे लहान मुलाला वाटते. रागावू नका. एक-एकची पाच नाणी घेऊन त्याला ५ चे एक द्या, पुन्हा उलट करा. चार दिवसांत त्याला उमजेल.

तिसरी पायरी बेरजेची. मोठ्या नाण्यापासून सुरुवात करावी : दहा, मग पंधरा, सतरा, अठरा.

चौथी पायरी सुट्या पैशांची. १३ रुपयांची वस्तू घेऊन २० दिले, तर तेरापासून पुढे मोजावे. एक रुपया ठेवला, चौदा. आणखी एक, पंधरा. वर ५ चे नाणे, वीस. परत आले सात. वजाबाकी न येणाऱ्या मुलालाही हे जमते.

बँकेत अजूनही काही मंडळी संकोचाने पैसे न मोजताच खिशात घालतात. मी त्यांना थांबवतो आणि माझ्यासमोर मोजायला लावतो. मोजून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे नाव घेणाऱ्या घरातले मूल चार नाण्यांच्या हिशेबात फसता कामा नये. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आई-आजीला विचारा, त्यांना शिकायचे आहे का.

जय भीम!