गल्लीतला वेग मोजताना

आमच्या वसाहतीतला रस्ता जेमतेम 400 मीटरचा. मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवण्यासाठी लोकांनी तो शोधून काढला आणि गेल्या वर्षी शेजारच्या काकूंना एका दुचाकीने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. त्या अजून काठी घेऊन चालतात. लगेच सभा भरली आणि एकमुखी मागणी झाली, गतिरोधक घाला.

मी म्हटलं, आधी वेग मोजू. "त्यात मोजायचं काय? दिसतोय की!" असं उत्तर मिळालं. तरी मोजला. सामान काय, तर खडू, टेप आणि स्टॉपवॉच. 50 मीटरवर दोन रेघा मारायच्या. गाडीने ते अंतर सहा सेकंदांत कापलं तर वेग ताशी 30 किलोमीटर, चार सेकंदांत कापलं तर 45. फरक दोन सेकंदांचा. पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे ती सव्वादोन पट होते. मोजणाऱ्याने मात्र आडोशाला बसावं. वहीवाला माणूस दिसला की सगळेच सज्जन होतात!

100 गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने लिहायचे आणि 85वा आकडा पाहायचा. वाहतूक अभियंते नुसत्या सरासरीवर थांबत नाहीत, कारण सरासरीत रेंगाळणाऱ्या रिक्षा सुसाट गाड्यांना झाकून टाकतात. आमचा आकडा निघाला 44. तोही सकाळच्या गर्दीत नव्हे, दुपारी रस्ता मोकळा असताना. नेमकी शाळा सुटते ती वेळ. आणखी एक गोष्ट कळली, ती सभेत सांगणं जड गेलं. वेगवान गाड्यांपैकी बऱ्याच आमच्याच वसाहतीतल्या होत्या. त्यातली एक माझ्या मुलाची.

तोवर कुणीतरी रातोरात डांबराचा उंचवटा टाकून गेलं होतं. ना पट्टे, ना फलक. काकूंना रिक्षातून दवाखान्यात नेताना तिथेच कळ यायची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988च्या मार्गदर्शक सूचनांत गोलसर गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच सांगितला होता. ताशी 25 किलोमीटरने तो विनासायास ओलांडता यावा, ही अपेक्षा. शिवाय एकुलत्या एका गतिरोधकाने भागत नाही. माणूस तिथे ब्रेक दाबतो आणि पुढे भरपाई करतो.

आमचं खरं दुखणं कोपऱ्यावर होतं. वळण इतकं प्रशस्त की गाडी वेग न सोडताच आत शिरायची. वॉर्ड ऑफिसात मोजणीचा तक्ता जोडून अर्ज दिला. तो उंचवटा उखडला गेला, कोपऱ्यावरचा पदपथ पुढे आला, वळण आवळलं आणि मापात बसणारे दोन गतिरोधक झाले.

मग फेरमोजणी. या खेपेला काकूच पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत स्टॉपवॉच घेऊन बसल्या. माझा मुलगा खालून गेला, तेव्हा त्यांनी वरूनच मला ओरडून सांगितलं, "साडेसहा सेकंद हो!"