बेसबॉलचे पंच

क्रिकेटचा पंच गोलंदाजाच्या बाजूच्या यष्टींमागे उभा राहतो, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. अमेरिकेतल्या बेसबॉलचा मुख्य पंच मात्र उभा असतो नेमका दुसऱ्या टोकाला. फलंदाजाच्या मागे कॅचर उकिडवा बसतो. त्याच्याही मागे, तोंडावर जाळीचा मुखवटा आणि छातीवर जाड गादी बांधून, वाकून पाहणारा मनुष्य दिसतो ना, तोच हा पंच.

इतक्या जवळ जाऊन मार खाण्याची जोखीम कशाला घ्यायची? तर पुढ्यात जमिनीत बसवलेला १७ इंच रुंदीचा पाचकोनी पाट असतो. चेंडू त्या पाटावरून आणि फलंदाजाच्या साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीतून गेला की नाही, हे दुसरीकडून नीट दिसतच नाही. गेला तर स्ट्राइक, न गेला आणि फलंदाजानेही बॅट फिरवली नाही तर बॉल. तीन स्ट्राइकला गडी बाद, चार बॉलना पहिला बेस फुकट. पंच कॅचरच्या अगदी पाठीशीही उभा राहत नाही. कॅचरचा खांदा आणि फलंदाज यांच्या मधल्या फटीतून तो पाहतो.

मैदानाचा चौकोन ९० फुटी बाजूंचा. त्याच्या उरलेल्या तीन कोपऱ्यांना, म्हणजे बेसना, एकेक पंच. यांत पहिल्या बेसच्या पंचाचे काम मला फार नाजूक वाटते. धावणाऱ्याचा पाय आधी टेकला की चेंडू आधी हातमोज्यात आला? दोन्ही एका वेळी पाहणार कसे? म्हणून तो डोळे बेसवर ठेवतो आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा 'थप्' आवाज कानाने टिपतो. डोळे पायाचे, कान चेंडूचे!

दुसऱ्या बेसचा पंच जागा बदलतो. बेसवर कोणी नसेल तेव्हा तो चौकोनाच्या बाहेर, कोणी पोचला असेल तर बहुधा आत येतो. तिसऱ्याचे लक्ष डाव्या सीमारेषेवर. फलंदाजाने बॅट अर्धी फिरवून आवरली, तर मुख्य पंच उजव्या फलंदाजाबद्दल पहिल्या बेसच्या पंचाला विचारतो, डावऱ्याबद्दल तिसऱ्याच्या. एक पंच चेंडूमागे दूर धावला, की बाकीचे सरकून त्याची जागा भरतात. वर्ल्ड सीरिजला आणखी दोघे मागच्या मैदानात, सीमारेषांवर असतात.

आपल्या शाळांच्या स्पर्धांतही बेसबॉल खेळला जातो. गुरुजींना चार पंच कोठून मिळणार? दोघांवर निभावते : एक कॅचरमागे, दुसरा पहिल्या बेसजवळ, आणि बेसवर गडी पोचला की त्याने चौकोनात यायचे.

योग्य जागी उभे राहूनही निकाल चुकतो. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये अर्मांडो गलाराग्गा या गोलंदाजाने ओळीने २६ गडी बाद केले होते, एकालाही बेस दिला नव्हता. सत्ताविसावा बाद झाला की 'परफेक्ट गेम'. शंभराहून अधिक वर्षांत असे जेमतेम वीस सामने झाले होते. फटका जमिनीवरून गेला. गलाराग्गा स्वतः धावत पहिल्या बेसवर आला, चेंडू त्याच्या हातात पडला, आणि पंच जिम जॉइस यांनी धावणाऱ्याला नाबाद ठरवले. चित्रफितीत तो स्पष्ट बाद दिसत होता! चित्रफीत पाहून असे निकाल फिरवण्याची सोय २०१४ साली आली. तेव्हा ती नव्हती.

सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली, आपली चूक कबूल केली आणि गलाराग्गाची भेट घेऊन क्षमा मागितली. पंचांच्या जागा रोज पाळीने बदलतात. पहिल्या बेसवरचा दुसऱ्या दिवशी कॅचरमागे येतो, म्हणून जॉइस यांनाच तेथे उभे राहायचे होते. सामन्याआधी खेळाडूंच्या नावांचा कागद मुख्य पंचाच्या हाती द्यायचा असतो. त्या दिवशी तो कागद घेऊन गलाराग्गा आला. जॉइस यांनी डोळे पुसले आणि कागद घेतला. नोंदवहीत मात्र निकाल तसाच राहिला आहे.